वाघाचा कौल

त्या वर्षी आमच्या घरात कुणी स्वस्थ बसत नव्हतं. घर म्हणजे भांडुपच्या डोंगराला टेकलेल्या चाळीतली एक खोली आणि पुढे पत्र्याची पडवी. एवढ्याशा जागेत माणूस फिरून फिरून किती फिरणार? पण बाबा फिरायचे. पडवीच्या टोकाला जायचे, डोंगराकडे बघायचे, वळायचे, आत येऊन माठातलं पाणी प्यायचे आणि पुन्हा पडवीत. पंख्यांच्या ज्या कंपनीत ते वायंडिंग खात्यात, म्हणजे मोटारीला तार गुंडाळायच्या कामावर, होते तिला टाळं लागलं होतं. पहिले काही महिने ते रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून गेटपर्यंत जाऊन यायचे. गेटसमोरच्या चहावाल्याचं त्यांच्यासारख्यांवरच चालायचं. त्यानेही एक दिवस टपरी हलवली आणि बाबांचा तोही रस्ता संपला. मग त्यांना गावाचं वेड लागलं. वेड हा आईचा शब्द. बाबा त्याला ओढ म्हणायचे.

आई शिवणकाम करायची. खिडकीपाशी तिचं मशीन, शेजारी कापडाच्या बोचक्यांचा ढीग, आणि त्या ढिगावर हक्काने झोपणारी चाळीतली एक मांजर. परकर, ब्लाउज, शाळेचे गणवेश, उशांचे अभ्रे, कशाला नाही म्हणून नाही. आमचं घर त्या वर्षी त्या मशीनवर चाललं, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. मशीनची खडखड ऐकून मला आईचं मन कळायचं. बाबा पडवीत गेले की खडखड जोरात व्हायची, ते आत आले की मंदावायची, आणि गावाचा विषय निघाला की एकदम थांबायची. मधल्या जागेत मी बारावीचं अर्थशास्त्र घेऊन बसलेली. बेकारीचे प्रकार पाठ करत होते. पुस्तकात प्रकार बरेच होते, पण पडवीत येरझाऱ्या घालणारी बेकारी त्यात कुठे दिलेली नव्हती.

जेवायला बसलो की बाबांचं सुरू. कुळथाची पिठी आई अशी करायची की शेजारचे वाटी घेऊन यायचे. वरून लसणीची फोडणी, बरोबर भाजलेला बांगडा, गरम भात. बाबा दोन घास खायचे आणि म्हणायचे, "गावच्या पिठयेची चव येगळी. पाण्याचो फरक." आई भात वाढता वाढता म्हणायची, "पाण्याचो नाय, वाढणाऱ्याचो. थयसर तुमची आवस वाढी." आजी जाऊन बराच काळ झाला होता, पण बाबांच्या डोक्यातल्या गावात ती अजून चुलीपुढे बसलेली असायची. तिथे कलमांना दरवर्षी आंबे धरायचे, विहीर कधी आटायची नाही आणि भाऊबंदांची भांडणं तर औषधालासुद्धा नव्हती.

नुसत्या बोलण्यावर राहिलं असतं तर आम्ही ते ऐकून सोडून दिलं असतं. पण नाहूरच्या एका गृहस्थाला आमची खोली हवी होती. मुलाचं लग्न ठरलेलं, सून येणार, जागा पाहिजे. तो दोनदा येऊन पडवी बघून गेला, भिंतीवर टकटक करून गेला, आणि दिवाळीपर्यंत काय ते सांगा म्हणाला. खोली विकली की आम्ही तिघांनी कायमचं गावी जायचं. बाबांसाठी ते घरी जाणं होतं. आईसाठी ते पुन्हा एकदा सगळ्यांत धाकटी जाऊ होणं होतं. चुलीचा धूर, थोरल्या जावेचा हुकूम आणि माळ्यावर टाकलेलं मशीन. आणि मला तर भांडुप आवडायचं. लोकांना हे सांगितलं की हसतात. पण मला ते स्टेशनकडे उतरणारे रस्ते, कोथिंबिरीच्या जुड्या पाण्यात बुडवून ताज्या करणाऱ्या बायका, क्लासच्या जिन्यावरचा आमचा गलका, हे सगळं मनापासून आवडायचं. गावी मे महिना छान जायचा, पण दुपारी तीनला तिथे जी शांतता पसरते तिने माझा जीव घाबरा व्हायचा. जन्मभर दुपारचे तीन वाजलेत असं ते आयुष्य मला नको होतं. पण मला कुणी विचारत नव्हतं.

बाबांना एकट्याने ठरवायचा धीर नव्हता. आमच्यात अशा वेळी देवाला कौल लावतात. देवाच्या अंगावर दोन्ही बाजूंना फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे मोठ्याने आपला प्रश्न मांडायचा, आणि वाट बघायची. उजवीकडची पाकळी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. लग्न, घर, विहीर, कोर्टकचेरी, सगळं त्यावर ठरतं. त्या गणपतीत बाबांनी देवळात कौल लावला. आम्ही सगळे हात जोडून उभे. पाकळ्या चिकटल्या त्या चिकटल्याच. अर्धी दुपार गेली. शेवटी पडल्या, पण दोन्ही एकदम. गुरव डोकं खाजवत म्हणाला, "देव बोलणा नाय. राखणदाराक इचारा. वाघ समोर इलो काय तो खयल्या अंगाक वळता ता बघा." राखणदार म्हणजे गावाची सीमा राखणारा. तो वाघाच्या रूपाने फिरतो अशी आमच्याकडची समजूत. बाबा सुट्टी वाढवून (कसली सुट्टी!) सीमेवरच्या वडाखाली रोज संध्याकाळी जाऊन बसले. त्या रानात आता काजूची बाग झालेली. वाघ काही आला नाही. बागेचा राखणारा मात्र आला आणि काजू चोरायला आलात काय म्हणून विचारून गेला.

भांडुपला परत आल्यावर बाबांनी ही हकिगत पडवीत बसून ज्याला त्याला सांगितली. छाया माझी मैत्रीण, शेजारच्याच खोलीत राहायची. तिच्या घरी भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, खाली बुद्धाची मूर्ती. देव आणि कौल ही भानगडच नाही. तिचे वडील बसवर कंडक्टर होते, मूळचे सोलापूरकडचे. तिच्या जिभेला हाड नव्हतं. ती सहज म्हणून गेली, "काका, वाघच बघायचाय ना? बोरिवलीला नॅशनल पार्कात आहे की! तिकीट काढायचं, गाडीत बसायचं, वाघ समोर. एकदम झकास. गावाला कशाला जाता?" आम्ही दोघी हसलो. बाबा हसले नाहीत. पडवीतल्या येरझाऱ्या थांबवून ते तिच्याकडे असे बघत राहिले, की माझं हसणंही थांबलं.

"अवो, ता पोरग्या थट्टा करता," आई आतून म्हणाली.

"थट्टा कसली? वाघ तो वाघ," बाबा म्हणाले. "खयचोय आसलो तरी त्येच्या अंगात राखणदार आसताच."

"मगे बोरिवलीक कित्याक जावक व्हया? आपल्या पाठसून डोंगरात आसा मां बिबळो. गेल्या म्हयन्यात पोस्टाकडचो कुत्रो व्हरलो त्येना."

"तो कुत्रे खाता," बाबा तुच्छतेने म्हणाले. "राखणदार कुत्रे खायत नाय. माका पट्ट्याचो व्हयो."

आता हे लिहिताना हसू येतं. ज्या जंगलाचं तोंड बोरिवलीला आहे त्याच्याच पाठीला आम्ही राहत होतो. डोंगर चढून कुणी सरळ चालत गेलं असतं तर त्याच रानात पोचलं असतं. पण दर्शनाला पुढच्या दारानेच जायचं, हा आमच्या माणसांचा नियम. मागच्या दारी येणारा देव त्यांना पटत नाही. आज मी चारकोपला राहते. पार्काचं गेट तसं जवळ, सकाळी फिरायला जाते. कानात वायरी घातलेल्या मुली माझ्या शेजारून पळत जातात. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दर पावसाळ्यात कुणीतरी बिबट्याचा व्हिडिओ टाकतं आणि त्याखाली घाबरलेल्या चेहऱ्यांची रांग लागते. त्या कुत्रे खाणाऱ्या बिचाऱ्याला अजूनही कुणी देव मानत नाही, एवढं मला त्याच्याबद्दल वाईट वाटतं.

बाबांनी नियम जाहीर केला. येत्या रविवारी जायचं. "उजवो ग्येलो तर गावाक जावचा, डावो ग्येलो तर हयसर रवाचा. मगे कोणी तोंड उघडूचा नाय." आईने मशीन थांबवलं, सुईतला दोरा दातांनी तोडला आणि "बरां" एवढंच म्हणाली. मला तिचा राग आला. भांड ना, असं मनात ओरडत होते मी. त्या आठवड्यात माझं पुस्तकात लक्ष नव्हतं. रस्त्यातून जाताना कुत्रं आडवं गेलं तरी मी बघायची, कुठल्या बाजूला वळतंय. छायाने तर हद्द केली. "उजवीकडे गेला ना, तर तू गेलीस यार. वाट लागली तुझी," असं म्हणाली आणि मग स्वतःच रडायला लागली, कारण कल्पना तिचीच होती. मी तिला समजावत बसले. म्हणजे बोंबलायचं मी आणि डोळे पुसायचे तिचे, अशातली गत.

रविवारी दोन बस बदलून आम्ही बोरिवलीला पोचलो. ऑक्टोबरचं ऊन नुसतं भाजत होतं. बाबांनी पांढरा शर्ट घातलेला, खिशात नारळ मावेना म्हणून तो पिशवीत. आईने तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या जवळ्याची चटणी बांधून घेतली होती. बसमध्ये त्या वासाने पुढच्या सीटवरच्या बाईने नाक मुरडलं, तर आईने तिच्याकडे बघून पिशवीची गाठ आणखी सैल केली. बाबा वाटभर खिडकीच्या दांड्यावर बोटं वाजवत होते. गेटवर कुटुंबंच्या कुटुंबं लोटलेली. फुगे, भेळ, पोरांची रडारड, छोट्या आगगाडीत बसायची घाई. बाबा त्या सगळ्यातून, देवळात शिरताना माणूस शिरतो तसे, मान खाली घालून चालले होते. नारळ आत न्यायचा नाही असं तिकीटखिडकीवरच्या माणसाने सांगितलं, तेव्हा त्यांनी तो गेटच्या खांबाशी ठेवला आणि परत वळून दोनदा बघितला.

सफारीची गाडी म्हणजे खिडक्यांना जाळ्या मारलेली छोटी बस. वाघ मोकळा आणि माणसं जाळीत, अशी ती व्यवस्था. पण त्या दिवशी वाघालाही बाहेर सोडलेलं नव्हतं. काही दुरुस्ती चालली होती म्हणे. गाडी एका उंच कुंपणापाशी थांबली. आत जाळीला लागून मातीचा पट्टा होता आणि त्या पट्ट्यावर वाघ. मी वाघ पहिल्यांदाच पाहत होते. चित्रात असतो त्यापेक्षा तो मळकट होता, पोट जरा ओघळलेलं, पण डोकं एवढं मोठं की गाडीतली पोरं एकदम चूप झाली. मला भीती वाटत होती, पण ती वाघाची नव्हती. माझा निकाल त्या चार पायांवर उभा होता.

बाबा उठले. चपला काढल्या. भरल्या गाडीत, दोन सीटांच्या मधे उभं राहून त्यांनी हात जोडले आणि खणखणीत आवाजात गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा! तू रानाचो धनी, तू शिमेचो राखणदार. आज ह्यो तुझो लेकरू मुंबैसून तुझ्या दारात येवन उभो रवलो आसा म्हाराजा! हातचा काम ग्येला, जीव जाग्यार रवना नाय. घरादाराक घेवन गावाक जावचा आसात तर उजवो दी, हयसर रवाचा आसात तर डावो दी म्हाराजा!"

गाऱ्हाणं घातलं की बाकीच्यांनी एका सुरात 'होय म्हाराजा' म्हणायचं असतं. त्याशिवाय ते पुरं होत नाही. ते 'होय' आमच्या दोघींच्या तोंडून यायला हवं होतं. आई जाळीतून बाहेर बघत राहिली. मी ओठ घट्ट मिटले. बाबांनी आमच्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसता केविलवाणेपणा होता, आणि मला तो बघवेना. माझं तोंड उघडणारच होतं, एवढ्यात मागच्या सीटवरून कुणीतरी गडगडला, "होय म्हाराजा!"

मी वळून बघितलं. चष्मा लावलेला, मांडीवर नात घेतलेला एक म्हातारा. मुंबईत तुम्ही कुठेही जा, गाडीत एक मालवणी असतोच. बाबांच्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं.

वाघ चालायला लागला. उजवीकडे. थेट कोपऱ्यापर्यंत. बाबा ओरडले, "उजवो! बघलास? उजवो दिल्यान!" तेवढ्यात वाघ कोपऱ्यात वळला आणि त्याच पट्ट्यावरून डावीकडे चालू लागला. डाव्या कोपऱ्यात पोचला, वळला, पुन्हा उजवीकडे. मातीत त्याच्या पावलांनी खोलगट वाट पडली होती.

"पयलो धरूचो," बाबा म्हणाले. "पयलो उजवो ग्येलो."

"अवो पण उजवो कोणाचो?" मागचा म्हातारा उठून उभा राहिला. "तुमचो उजवो काय त्येचो? कौल नेहमी देवाच्या उजव्यान धरतत. देवाचा तोंड आपल्याकडे आसता. म्हणजे तुमचो उजवो तो त्येचो डावो."

"देवाचा तोंड आपल्याकडे आसता ता मान्य. ह्येचा तोंड खय आपल्याकडे आसा? तो आडवो चलता!"

"म्हणानच सांगतंय. आडव्या देवाक उजवो-डावो कसो लावतलास?"

गाडीत चर्चा पेटली. एक गुजराती काका "अरे भाई, उसके हिसाब से देखो ना" म्हणू लागले, त्यांच्या बायकोला "शेर ने क्या बोला" ते समजून घ्यायचं होतं. कॉलेजची दोन मुलं पैजेवर आली. ड्रायव्हर आरशातून बघत ओरडला, "ओ काका, बसून घ्या ना, गाडी सोडायची आहे!" आणि या सगळ्याशी काही देणंघेणं नसलेला तो वाघ उजवीकडे जात होता, डावीकडे जात होता. एरवी मी हसून हसून लोळले असते. पण मी मात्र मनातल्या मनात देवाच्या उजव्याने मोजत होते आणि वाघ वळून मोजणी बरोबरीत आली की पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होते.

गाडीतून उतरल्यावर बाबा म्हणाले, "परत येकदा जावया." आई म्हणाली, "तुमी जावा. माझा डोक्या दुखता." आणि ती हिरवळीवर एका झाडाखाली जाऊन बसली. मी बाबांबरोबर गेले. त्यांना एकटं सोडायचा धीर मला झाला नाही.

दुसऱ्या खेपेला ते गाऱ्हाणं बोलले नाहीत. चपला पायातच होत्या. जाळीला नाक लावून बघत राहिले. वाघ चालतच होता. बाबांनी ड्रायव्हरला विचारलं, "ह्यो नेहमी असोच फिरता?" तो म्हणाला, "आत ठेवला की फिरतो. सकाळपासून हेच चालू आहे. सवय लागली त्याला." बाबांनी जाळीवरची बोटं काढली. मग हळूच, मला की स्वतःला कुणास ठाऊक, म्हणाले, "ह्येका जावचा तरी खय आसा?" मी त्यांचा हात धरला. मोठी झाल्यापासून धरला नव्हता. वायंडिंगच्या तारांनी पडलेले घट्टे अजून तसेच होते, काम गेल्यावरही मऊ पडलेले नव्हते. मला एकदम त्यांची इतकी दया आली की गावी गेलो तर गेलो, असं क्षणभर वाटून गेलं.

आई झाडाखाली हातात काटकी घेऊन माकडांशी लढत होती. जवळ्याच्या वासाने पाच-सहा जमली होती. बाबा तिच्यासमोर मांडी घालून बसले. तिने भाकरी काढून त्यांच्या हातात दिली, वर चटणी घातली.

"काय म्हणता तुमचो राखणदार?"

"फिरता," बाबा म्हणाले.

"मगे मी सांगू?"

बाबांनी वर पाहिलं.

"वरीसभर तुमी देवाक इचारलास, गुरवाक इचारलास, आज वाघाक इचारलास. माका कोणी इचारूक नाय. मी काय दगडापेक्षा मुकी? इचारलास आसतास तर कधीच सांगलंय आसतंय." ती रागावलेली नव्हती. काटकी बाजूला ठेवून, पदराला हात पुसत बोलत होती. "मी गावाक येवचंय नाय. माझा मशीन हयसर आसा, माझी गिऱ्हायकां हयसर आसत. आज चार बायका माका नावान वळाखतत. थयसर मी परत धाकली जाव. चेडवाचा बारावीचा शिक्षान आसा. खोली इकूची नाय. पण तुमी जावा."

"मी?"

"तुमी. थयसर शेत बघा, कलमां बघा. हयसर रवलास तर फिरान फिरान मराल, आणि ता बघूक माका नको. गणपतीक आमी येतंव, मे म्हयन्यात येतंव. तुमी मन झाला काय हयसर येवा. तुमका जावचा आसा म्हणान आमी कित्याक जावक व्हया? आणि आमका रवाचा आसा म्हणान तुमी कित्याक सडाचा?"

बाबांच्या हातातली भाकरी तशीच राहिली. दूध उतू जाताना बघत राहावं तसे ते तिच्याकडे बघत होते. आमच्या नात्यागोत्यात असं कुणी केलं नव्हतं. बापये मुंबईला आणि बायका गावी, हे पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं. उलटं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. "लोक काय म्हणतले?" एवढंच त्यांना सुचलं.

"लोकांका माका तोंड देवचा आसा, तुमका नाय. तुमी थयसर आसतलास."

आणि तिने दिलंही तोंड. दिवाळीनंतर बाबा गावी गेले. पुढची पुष्कळ वर्षं ते तिकडे आणि आम्ही इकडे, असा आमचा संसार चालला. ते गणपतीनंतर आमच्याबरोबर यायचे, थोडे दिवस राहायचे, पडवीत स्वस्थ बसून शेंगा सोलायचे आणि परत जायचे. काळे झाले, बारीक झाले, आणि मी त्यांना इतकं आनंदी कधी पाहिलं नव्हतं. चाळीत पहिल्या महिन्यातच कुजबुज झाली. नळावर एक बाई ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "घोवान टाकल्यान वाटता हिका." आईने हंडा खाली ठेवला, पदर खोचला आणि साऱ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाली, "टाकूक नाय हां. मी धाडलंय त्येंका!" त्यानंतर त्या नळावर तो विषय निघाला नाही. ती रात्री कधी रडली असेल तर मला कळू दिलं नाही. मी मात्र रडले. मला राहायचं होतं ते मिळालं होतं, तरी रडले.

कारण त्या दिवशी झाडाखाली आणखी एक गोष्ट झाली. भाकरी खाऊन झाल्यावर बाबांनी हात झटकले आणि माझ्याकडे वळले. वर्षभरात पहिल्यांदाच ते माझ्याकडे नीट बघत होते. म्हणाले, "आणि तू गो? तुका इचारूकच नाय कोणी. तुका काय व्हया?"

या एका प्रश्नाची मी किती वाट पाहिली होती! उत्तर तर घोकून तयार होतं. भांडुप, कॉलेज, छाया, पुढचं शिक्षण, सगळं मुद्देसूद. पण त्यातलं काही तोंडातून येईना. समोर दोघं बसली होती, एकाच फडक्यावर, मधे भाकरीचे तुकडे, आणि वर्षभरात पहिल्यांदा त्यांच्यात भांडण नव्हतं. मी म्हणाले, "मला तुम्ही दोघंही इथेच हवीत. एकत्र. आणि तुम्ही असेच बसलेले, बाबा. फिरत नाही असे."

आईने तोंड फिरवलं. बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, घट्ट्यांसकट, जड.

"तसो कौल खयचोच देव देत नाय गो, बाय," ते म्हणाले, आणि उरलेली अर्धी भाकरी माझ्या हातात ठेवली.